वेस्टर्न सिनेमातली बंदूक त्या काळातली आहे का? ओळखायचं कसं?

न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट सम्नर इथे १८७९-८० च्या सुमारास काढलेला बिली द किड या कुप्रसिद्ध बंदूकबाजाचा एक फोटो आहे. पत्र्यावर उमटवलेला, तळहातावर मावेल एवढा. बिलीने विंचेस्टर रायफल जमिनीला टेकवून धरली आहे आणि कमरेला कोल्ट रिव्हॉल्व्हर आहे. रिव्हॉल्व्हर डाव्या बाजूला दिसतं, म्हणून लोक वर्षानुवर्षं त्याला डावखुरा समजत आले. १९५८ साली त्याच्यावर निघालेल्या सिनेमाचं नावच ‘द लेफ्ट हॅण्डेड गन’. पण पत्र्यावरचे फोटो आरशातल्यासारखे उलटे उमटतात, आणि त्याची खूण त्या रायफलवरच होती. १८७३ च्या विंचेस्टरला काडतुसं भरायची झडप उजव्या अंगाला असते, फोटोत ती डाव्या अंगाला दिसते. म्हणजे फोटो उलटा आहे, आणि बिलीचं रिव्हॉल्व्हर उजव्या कमरेला होतं.

हे कळलं त्या दिवसापासून वेस्टर्न सिनेमातली बंदूक मी नीट बघायला लागलो. उत्खननात एखादं नाणं सापडलं की त्या थराचं साल कळतं, तसंच हे आहे. शिवाय कोणाच्या हातात काय आहे यावर तो माणूस काय करू शकतो हे ठरतं. भरायला दोन-तीन मिनिटं लागणारं रिव्हॉल्व्हर बाळगणारा माणूस सहा बार उडवून झाल्यावर पळतो, लपतो किंवा दुसरं रिव्हॉल्व्हर काढतो. त्याच्या हाती दहा वर्षांनंतरचं हत्यार दिलं तर त्याची भीती आणि त्याचा हिशोब दोन्ही खोटे होतात. म्हणून ही तपासणी मला महत्त्वाची वाटते. ती कशी करायची ते सांगतो. बंदुकांची माहिती आधीपासून असायलाच हवी असं नाही.

पहिली पायरी: कथेचं साल ठरवा

बंदुकीकडे बघण्याआधी कथा कधी घडते ते शोधा. पडद्यावर साल लिहून येत असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर थडग्यावरचा दगड, वर्तमानपत्राचा मथळा, राष्ट्राध्यक्षाचं नाव, सैनिकांच्या तोंडी येणारी लढाई यांवर नजर ठेवा. अमेरिकेतलं उत्तर विरुद्ध दक्षिण यादवी युद्ध १८६१ ते १८६५. अमेरिकेच्या दोन टोकांना जोडणारा लोहमार्ग १० मे १८६९ रोजी पुरा झाला. मूळ निवासींनी अमेरिकी घोडदळाला हरवलं ती लिटल बिगहॉर्नची लढाई जून १८७६ ची, तर टूम्बस्टोन गावात कायद्याची माणसं आणि गुराख्यांची टोळी यांच्यात झालेली ओ. के. कोरालची चकमक २६ ऑक्टोबर १८८१ ची. नेमकं साल सापडलं नाही तरी चालेल. कथा १८६९ च्या आधीची, १८७३ च्या नंतरची की मधली, एवढं कळलं की निम्मं काम झालं.

दुसरी पायरी: रिव्हॉल्व्हर ठासणीचं आहे की काडतुसाचं?

बहुतेक चुका इथेच होतात, म्हणून इथे जरा थांबू.

कोकणात शेतीच्या राखणीसाठी ठेवलेली ठासणीची बंदूक ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा भाग चटकन कळेल. दारू ओतायची, गोळी किंवा छर्रे गजाने ठासायचे, टोपी (ठिणगी पाडणारी छोटी स्फोटक कॅप) बसवायची, मग बार. यादवी युद्धातली कोल्ट रिव्हॉल्व्हरं, म्हणजे .३६ ची १८५१ नेव्ही आणि .४४ ची १८६० आर्मी (हे आकडे म्हणजे नळीचा इंचातला साधारण व्यास), याच तत्त्वावर चालत. फक्त हे सगळं नळीच्या तोंडातून न करता फिरत्या चक्राच्या सहा खणांत करायचं. प्रत्येक खणात दारू, तीवर शिशाची गोळी, ती दाबायला नळीखालचा दांडा, आणि चक्राच्या मागे प्रत्येक खणाला एक टोपी. एका खणाची ठिणगी शेजारच्या खणात जाऊ नये म्हणून गोळीवर चरबीही लावत. घोड्यावर बसून, हात थरथरत असताना हे करणं कसं असेल याची कल्पना करा. मिझुरीतले बंडखोर टोळीवाले एकाच वेळी तीन-चार रिव्हॉल्व्हरं बाळगत, त्याचं कारण हेच.

मग काडतूस इतकं उशिरा का आलं? काडतूस मागून भरायचं तर चक्राला आरपार भोक हवं. रोलिन व्हाइट याने १८५५ साली त्याचं पेटंट घेतलं आणि ते स्मिथ अँड वेसनने आपल्याकडे बांधून घेतलं. एप्रिल १८६९ मध्ये त्याची मुदत संपेपर्यंत कोल्टला तसं रिव्हॉल्व्हर कायदेशीरपणे बनवता येत नव्हतं. खुद्द स्मिथ अँड वेसनची तोवरची काडतुसी रिव्हॉल्व्हरं खिशात मावणारी, .२२ किंवा .३२ ची. त्यांचं मोठं, लष्करी ताकदीचं मॉडेल थ्री १८७० मध्ये आलं. १८७१ नंतर कोल्टने जुन्या ठासणीच्या रिव्हॉल्व्हरांना काडतुसाजोगं चक्र बसवून विकायला सुरुवात केली. आणि १८७३ मध्ये आलं ते सिंगल ॲक्शन आर्मी, .४५ चं, ‘पीसमेकर’ म्हणून जगभर ओळखलं जाणारं. (यादवी युद्धात उत्तरेने फ्रान्सची लेफोशे काडतुसी रिव्हॉल्व्हरं विकत घेतली होती. तो खरा अपवाद, पण सिनेमात ती जवळपास दिसतच नाहीत.)

पडद्यावर हे सगळं कसं ओळखायचं? चित्र थांबवा आणि चक्राच्या वर बघा. कोल्टच्या ठासणीच्या रिव्हॉल्व्हरांत चक्राच्या डोक्यावर धातूची पट्टी नसते, वरून ते उघडं असतं. पीसमेकरला पट्टी असते. रेमिंग्टनच्या ठासणीच्या रिव्हॉल्व्हरलाही ती होती, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नका. मग नळीखाली बघा. जाड, सांध्यावर वळणारा दांडा असेल तर ठासणीचं. नळीच्या उजव्या कडेला खालून बारीक नळकांडं चिकटलेलं दिसलं तर ते रिकामी काडतुसं बाहेर ढकलायचं, म्हणजे रिव्हॉल्व्हर काडतुसाचं, बहुधा पीसमेकर. आणि चक्राच्या मागे उजवीकडे उघडणारी छोटी झडप दिसली की काडतूसच. ती झडप उघडून पीसमेकरमधलं एकेक काडतूस ढकलून काढायचं आणि एकेक भरायचं. स्मिथ अँड वेसन मात्र मधोमध मोडून उघडायचं आणि सगळी काडतुसं एकदम बाहेर पडायची. कथेतला माणूस दोन सेकंदांत पीसमेकर रिकामं करतो असं दाखवलं असेल तर ते चूक आहे.

थोडं खोलात जायचं तर आणखी एक खूण सांगतो. पीसमेकरच्या चक्राचा आस जागेवर धरायला सुरुवातीला सांगाड्यात समोरून घुसवलेला स्क्रू होता. १८९० च्या दशकात त्याऐवजी बाजूने दाबायचा आडवा खटका आला. १८८१ च्या कथेत तो आडवा खटका दिसला तर हत्यार निदान दहा वर्षं नंतरचं आहे. ही चूक कोणाच्याही सहज लक्षात येत नाही, म्हणून दिग्दर्शकाला मी तिच्यासाठी दोष देत नाही.

आणि १८७३ साल लक्षात ठेवताना हेही ठेवा: सुरुवातीच्या दोनेक वर्षांतला पीसमेकरचा बहुतेक माल लष्कराने उचलला. १८७४ च्या कथेत गावातल्या न्हाव्यापासून गुराख्यापर्यंत प्रत्येकाच्या कमरेला पीसमेकर असेल तर शंका घ्यायलाच हवी.

तिसरी पायरी: रायफलीच्या चार खुणा

बोटांनी ओढायची कडी असलेल्या रायफली लांबून एकसारख्या दिसतात, पण त्यांच्यात तीस वर्षांचं अंतर आहे.

हेन्री १८६० ची. सांगाडा पिवळाधमक, नळीखाली लाकूड अजिबात नाही, बाजूला झडपही नाही. नळीखालच्या नळकांड्यात पुढच्या टोकाकडून सोळा काडतुसं भरायची. विंचेस्टर १८६६ चा सांगाडाही पिवळाच, पण नळीखाली लाकूड आलं आणि उजव्या अंगाला झडप आली. १८७३ चा सांगाडा लोखंडी, बाजूला वेगळी बसवलेली मोठी पट्टी दिसते, आणि कडी ओढली की वरच्या बाजूने पिवळसर ठोकळा काडतूस घेऊन वर येतो. १८९२ ची रायफल जॉन ब्राउनिंगने रेखाटली. ती आकाराने लहान, बाजू सपाट आणि अखंड, आणि कडी ओढताना मागच्या बाजूला दोन उभ्या पट्ट्या वरखाली सरकतात.

ही शेवटची खूण पाठ करून ठेवा. हॉलिवूडच्या जुन्या वेस्टर्नमध्ये सर्वांत जास्त दिसणारी रायफल हीच आहे आणि ती बहुतेक वेळा चुकीच्या काळात असते. १९३९ च्या ‘स्टेजकोच’मध्ये जॉन वेन मोठ्या गोल कडीची रायफल हातात फिरवतो, ती १८९२ ची. कथा मात्र त्याआधीच्या, अपाचे युद्धांच्या काळातली. १९६९ च्या ‘ट्रू ग्रिट’मध्येही त्याच्या हाती तीच.

चौथी पायरी: हे हत्यार याच माणसाकडे का?

साल जुळलं म्हणजे सगळं जुळलं असं नाही. गुराख्याला महिन्याला साधारण तीस डॉलर मिळत आणि नवं पीसमेकर साधारण सतरा डॉलरला पडे. त्यामुळे १८८० मध्येही पुष्कळांकडे बापाचं, युद्धातून आणलेलं किंवा जुन्याचं नवं करून घेतलेलं रिव्हॉल्व्हर असणं जास्त पटतं. कोल्टने १८७८ पासून पीसमेकर .४४-४० या काडतुसासाठीही द्यायला सुरुवात केली. हे काडतूस विंचेस्टर १८७३ मध्येही चालत असे, म्हणजे एकाच पट्ट्यातली काडतुसं दोन्हींत भरता येत. जोडी अशी जमलेली दिसली की समजा, कोणीतरी अभ्यास केला आहे.

लष्कराच्या बाबतीत मात्र सिनेमाने सर्वांत मोठी गफलत करून ठेवली आहे. घोडदळ कडीच्या रायफलींनी धडाधड गोळ्या झाडतंय आणि समोरचे मूळ निवासी फक्त धनुष्यबाण घेऊन येताहेत, हे दृश्य आपण शेकडो वेळा पाहिलं. लिटल बिगहॉर्नला कस्टर या अमेरिकी अधिकाऱ्याच्या सातव्या घोडदळाकडे काय होतं? १८७३ ची स्प्रिंगफील्ड कार्बाइन, म्हणजे आखूड रायफल: एका वेळी एक काडतूस, मागचं झाकण वर उचलायचं, भरायचं, झाकायचं. सोबत पीसमेकर. १९८३ मध्ये त्या माळावर वणवा लागला आणि गवत जळून जमीन उघडी पडली. पुढच्या वर्षी पुरातत्त्वज्ञांनी धातुशोधक यंत्रं घेऊन तिथली काडतुसं आणि गोळ्या मोजून नकाशावर मांडल्या. तेव्हा हेन्री आणि विंचेस्टरची काडतुसं लाकोटा आणि शायान योद्ध्यांच्या जागांवर भरपूर सापडली. धनुष्यबाण आणि ठासणीच्या बंदुकाही त्यांच्याकडे होत्याच, पण एकामागून एक गोळ्या झाडणाऱ्या रायफली सैनिकांकडे नव्हत्या, त्यांच्याकडे होत्या. सिनेमाने हे उलटं करून शेवटी हरलेल्या मूळ निवासींना भाबडं ठरवलं. मला ही चूक बाकी कुठल्याही चुकीपेक्षा जास्त खुपते.

जाता जाता आपल्याकडचा एक धागा. १८५७ च्या उठावाला ज्या एन्फील्ड रायफलीच्या चरबी लावलेल्या काडतुसांचं निमित्त झालं, तीच रायफल चार वर्षांनी अमेरिकेच्या यादवी युद्धात दोन्ही बाजूंनी मोठ्या संख्येने आयात केली. यादवी युद्धाच्या सिनेमात पायदळाच्या खांद्यावर ती दिसली तर ती तिथे शोभते.

पाचवी पायरी: धूर बघा, बार मोजा

काळ्या दारूचा बार निघाला की पांढऱ्या धुराचा लोट उठतो. बिनधुराची दारू फ्रान्समध्ये १८८४ साली तयार झाली, अमेरिकी सैन्यात ती १८९२ च्या लष्करी रायफलीसोबत (ही विंचेस्टर नव्हे) आली आणि शिकारीच्या रायफलींत १८९५ च्या आसपास. म्हणजे ज्याला आपण ‘वाइल्ड वेस्ट’ म्हणतो तो जवळजवळ सगळाच काळ धुराचा आहे. बंद सलूनमध्ये पाच-सहा बार झाल्यावर समोरचा माणूस स्वच्छ दिसत असेल तर ते खोटं आहे. ओ. के. कोरालजवळच्या अरुंद मोकळ्या जागेत साधारण तीस सेकंदांत तीसेक बार झाले, तेही सुरुवातीला काही पावलांच्या अंतरावरून. त्या धुराची कल्पना करून मग त्यावरचा सिनेमा बघा.

बार मोजणं सोपं आहे, फक्त एक लक्षात ठेवा. पीसमेकर सहाबारी असलं तरी घोडा (काडतुसावर आदळणारा हातोडा) भरलेल्या काडतुसावर टेकवून ठेवणं धोक्याचं होतं, धक्का बसला तर बार निघे. म्हणून जाणता माणूस एक खण रिकामा ठेवून पाचच भरे. चकमक सुरू होण्याआधी एखादं पात्र सहावं काडतूस भरताना दाखवलं असेल तर लेखकाला विषय कळला आहे. गोळी लागल्यावर माणूस मागे फेकला जातो हे मात्र कुठल्याही काळात चूकच. तेवढा जोर गोळीत असता तर झाडणाराही मागे पडला असता.

सहावी पायरी: पट्टा, आणि मुळात बंदूक गावात कशी?

मांडीवर खाली लोंबणारं, दोरीने मांडीला बांधलेलं, झटकन रिव्हॉल्व्हर उपसायचं म्यान ही विसाव्या शतकातली, सिनेमाच्या काळातली चीज आहे. त्या काळच्या फोटोंत म्यान कमरेशी, उंचावर असतं आणि रिव्हॉल्व्हर त्यात खोल बसलेलं असतं. फोटोंवरही डोळे झाकून विसंबू नका, कारण छायाचित्रकार पोज देण्यासाठी दुकानातली हत्यारं गिऱ्हाइकाच्या हाती देत.

रस्त्यात समोरासमोर उभं राहून झालेलं द्वंद्व अगदीच विरळा. २१ जुलै १८६५ ला मिझुरीतल्या स्प्रिंगफील्ड गावात वाइल्ड बिल हिकॉक आणि डेव्हिस टट यांच्यात ते झालं, साधारण ७५ यार्डांवरून. आणि टूम्बस्टोन असो की डॉज सिटी, गावात हत्यार घेऊन फिरायला बंदी होती. ओ. के. कोरालच्या चकमकीमागे इतर वैरं होतीच, पण त्या दिवसाचं कायदेशीर निमित्त समोरच्यांची हत्यारं काढून घेणं हे होतं. तेव्हा दुकानदार, पाद्री, दारूडा, सगळेच कमरेला रिव्हॉल्व्हर लावून फिरताना दिसले तर साल कितीही बरोबर असो, गाव खोटं आहे.

सातवी पायरी: सिनेमा कधी काढला तेही बघा

चूक सापडली की लगेच निकाल देऊ नका. जुन्या हॉलिवूडकडे हत्यारं भाड्याने देणारी कोठारं होती. १८९२ ची विंचेस्टर दहा लाखांच्या घरात बनली, त्यामुळे ती स्वस्त आणि मुबलक होती. शिवाय चित्रीकरणाचं गोळी नसलेलं एक काडतूस असं बनवलेलं होतं की ते .३८-४०, .४४-४० आणि .४५ अशा वेगवेगळ्या हत्यारांत चाले. १८९२ ची विंचेस्टर आणि पीसमेकर दोन्ही त्यात बसत. दिवसभर शेकडो बार काढायचे असताना निर्मात्याला दुसरं काय हवं? ठासणीची रिव्हॉल्व्हरं तर तेव्हा फक्त खऱ्या जुन्या वस्तू म्हणून मिळत. १९५० च्या दशकाच्या अखेरीस यादवी युद्धाच्या शताब्दीसाठी इटलीतल्या ब्रेशियाजवळच्या कारागिरांनी त्यांच्या प्रतिकृती बनवायला घेतल्या. उबेर्तीचा कारखाना १९५९ चा. त्यानंतर योग्य हत्यार मिळत नाही ही सबब हळूहळू संपत गेली.

म्हणून ‘द सर्चर्स’ची कथा १८६८ मध्ये सुरू होते आणि तिच्यात पीसमेकर दिसतात, हे मी नोंदवतो पण माफ करतो, तो १९५६ चा आहे. आजच्या सिनेमात हीच चूक दिसली तर माफ करत नाही.

दोन सिनेमांवर हात बसवा

पहिला ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’, १९६६ चा. साल ठरवणं सोपं आहे: सिबलीच्या दक्षिणी सैन्याची न्यू मेक्सिकोतली मोहीम, म्हणजे १८६२. आता क्लिंट ईस्टवुडच्या हातातलं रिव्हॉल्व्हर थांबवून बघा. आकार १८५१ नेव्हीचा, चक्राच्या डोक्यावर पट्टी नाही, इथवर उत्तम. पण तो त्यात काडतुसं भरतो. कोल्टने असं रूपांतर करायला सुरुवात केली १८७१ नंतर. म्हणजे नऊ-दहा वर्षांची चूक, पण बाह्य रूप काळाच्या जवळ. टूको हे पात्र दुकानात शिरून वेगवेगळ्या रिव्हॉल्व्हरांचे भाग जोडतो, चक्र कानाशी फिरवून ऐकतो, तो प्रसंग मला फार आवडतो, कारण हत्यार हे यंत्र आहे याची जाण त्यात आहे. काडतुसं मात्र तिथेही आहेत. कमरेच्या पट्ट्याकडेही बघा. काडतुसं खोवायच्या कप्प्यांची रांग दिसली की रिव्हॉल्व्हर न बघताच उत्तर मिळतं, कारण ठासणीच्या रिव्हॉल्व्हरला तसा पट्टा लागतच नाही.

दुसरा ‘अनफरगिव्हन’, १९९२ चा, कथा १८८०-८१ ची. तिथे एक पोरगा स्वतःला स्कोफील्ड किड म्हणवतो, कारण त्याच्याकडे १८७५ चं स्मिथ अँड वेसन स्कोफील्ड आहे. त्या वयाच्या फुशारकी मारणाऱ्या पोराने मिरवावं असंच ते नवं हत्यार. नेड या म्हाताऱ्या सोबत्याकडे स्पेन्सर रायफल आहे, यादवी युद्धातली, दस्त्यातून सात काडतुसं भरायची. आणि ईस्टवुडने रंगवलेल्या मनी या पात्राकडे जुनं स्टार रिव्हॉल्व्हर, तेही युद्धाच्या काळातलं. सुरुवातीला तो एका डब्यावर नेम धरतो आणि एकही गोळी लागत नाही. तिघांच्या हातातल्या तीन हत्यारांवरूनच तिघांचं वय आणि पूर्वायुष्य कळतं.

अमेरिकेतली आपली मराठी मंडळी यलोस्टोन बघायला जातात, त्यांनी उद्यानाच्या पूर्वेच्या फाटकातून बाहेर पडून कोडी गावापर्यंत एक दिवस जरूर काढावा. तिथल्या संग्रहालयाच्या बंदूक विभागात विंचेस्टर कंपनीचा मोठा संग्रह आहे. १८६६, १८७३ आणि १८९२ या तिन्ही रायफली शोधून त्यांच्या उजव्या अंगाला उभं राहा, आणि आधी झडप बघा, मग सांगाड्याची बाजू.